हजेरीपटावर नाव नसलेला कामगार

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना घाईत जे राहून गेले ते दोन-तीन ठिकाणी भरून घेतले आहे.)



समितीने मला "पर्यावरण" या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी सूतगिरणीतला माणूस, शिक्षण नववी नापास. म्हटलं, सोलापुरात एवढी कॉलेजं आहेत, एखादा प्राध्यापक आणा. तर सचिव म्हणाले, प्राध्यापक मागच्या वर्षी आणला होता, निम्मी माणसं झोपली. आता मी उभा राहिलोय. तुम्हीही झोपलात तर तो दोष माझ्या शिक्षणाचा नाही, भोजनदानाचा समजावा.

एक गोष्ट माझ्या खात्यातली सांगतो. मी रिंग फ्रेमवर काम करतो. कापसाची गाठ फुटल्यापासून कोन भरेपर्यंत गिरणीत पाच-सहा खाती लागतात, आणि प्रत्येक खात्याचा माणूस म्हणतो माझ्यामुळे गिरणी चालते. पण गिरणीच्या एका बाजूला एक प्लांट असतो, तो खात्यातली हवा ओली ठेवतो. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथे ना सूत निघते, ना कापड. पण मे महिन्यात, आपल्या सोलापूरचा पारा त्रेचाळीसवर गेला आणि तो प्लांट दोन तास बंद पडला, की मग बघा. हवा कोरडी होते, धागा तटातट तुटतो, जोडून जोडून बोटं सोलून निघतात, आणि मुकादम आमच्या नावानं ओरडतो. दोष आमचा नसतो. जो कामगार दिसत नव्हता तो थांबलेला असतो.

निसर्गाचं हेच आहे. पाणी मुरवणारी जमीन, पूर अडवणारे गवत, परागीकरण करणारी मधमाशी, मेलेलं कुजवून माती करणारा किडा, हे सगळे तीन पाळ्यांत काम करतात. हजेरीपटावर यांचं नाव नाही, पगार नाही, बोनस नाही, साप्ताहिक सुट्टीसुद्धा नाही. शास्त्रज्ञ याला परिसंस्थेच्या सेवा म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००५ साली एक मोठा अहवाल निघाला. ९५ देशांतल्या तेराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी तो केला. त्यांनी अशा २४ सेवा तपासल्या आणि १५ सेवांची तब्येत ढासळली आहे असे सांगितले. त्यांनी कामांचे चार प्रकार केले. अन्न, पाणी, लाकूड देणारी कामे. हवा, पूर, रोगराई आवरणारी कामे. माती तयार करण्यासारखी पायाभूत कामे. आणि मनाला, संस्कृतीला आधार देणारी कामे. बोधिवृक्षाखाली बसून आपल्याला जे वाटते ते या चौथ्यात येते म्हणे.

मला या "सेवा" शब्दाची मात्र थोडी अडचण होते. आपल्या आजा-पणजाने गावकीत जे केलं त्यालाही लोक सेवाच म्हणत होते. वेसकरकी सेवा, सांगावा घेऊन जाणे सेवा, मेलेलं ढोर ओढणे सेवा. ज्याचे काम फुकट घ्यायचे त्याला आधी सेवा असे गोड नाव द्यायचे, ही जुनी रीत आहे. म्हणून मी आपला "काम" म्हणतो. तुम्हाला पटत नसेल तर सेवा म्हणा.

आता ढोराचा विषय निघालाच आहे, तर तिथूनच पुढे जातो. कारण या विषयात आपल्या समाजाला सर्वांत जवळचे उदाहरण गिधाडाचे आहे. नाक मुरडू नका.

गावात बैल मेला की तो ओढून गावाबाहेर न्यायचे काम आपल्या माणसांवर जन्माने लादलेले होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितले की ही कामे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा. आपल्या वाडवडिलांनी गावोगाव ते ऐकले. त्यापायी बहिष्कार सोसले, बलुते बंद झाले, मार खाल्ला. तो इतिहास इथल्या प्रत्येक घरात आहे. पण त्या गावाबाहेरच्या जागेवर आणखी एक कामगार होता, त्याचा विचार कोणी केला नाही. मी लहान असताना स्वतः बघितलंय. माळावर जनावर टाकलं की आभाळात आधी एक ठिपका दिसायचा, मग दहा, मग चाळीस-पन्नास. तासा-दोन तासांत हाडांचा सापळा उरायचा. वास नाही, माशा नाहीत, पाण्यात घाण उतरत नव्हती. आम्ही पोरं दगड मारायचो त्यांना. आज लाज वाटते.

१९९० नंतर ही गिधाडं दिसेनाशी झाली. कोणी म्हणालं गोळ्या घालतात, कोणी म्हणालं रोग आला. खरं कारण २००३-०४ च्या सुमारास सापडलं. जनावराच्या अंगदुखीवर, सुजेवर डायक्लोफिनॅक नावाचे स्वस्त औषध द्यायला लागले होते. तेच, जे आपण कंबर दुखली की मेडिकलमधून आणतो. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याची किडनी निकामी होऊन ते काही दिवसांत मरायचे. भारतात गिधाडांच्या मुख्य जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम हे औषध चालते, त्याने गिधाड मरत नाही. पण तोवर गिधाड जवळजवळ संपलं होतं.

मग काय झालं? मेलेली जनावरे पडून राहू लागली, पाण्यात घाण गेली, मोकाट कुत्री वाढली, कुत्र्यांबरोबर पिसाळण्याचा रोग आला. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास छापला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि नंतर गेली, त्या जिल्ह्यांतल्या मृत्यूंची त्यांनी इतर जिल्ह्यांशी तुलना केली. त्यांच्या हिशोबाने २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. पाच लाख! एक पक्षी कामावर यायचा बंद झाला म्हणून.

हे वाचून मी दोन दिवस सुन्न होतो. आपल्याला पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं की हे काम घाण, म्हणून ते करणारा माणूस घाण. आणि आता विद्यापीठातले लोक आकडे मांडून सांगतात की त्या कामावर अख्ख्या गावाचा जीव टांगलेला होता. काम हलकं कधीच नव्हतं. ते जन्मावरून गळ्यात बांधलं, मजुरी दिली नाही आणि वर शिवाशिव पाळली, तो अन्याय होता. बाबासाहेबांनी ते काम सोडायला सांगितले ते बरोबरच सांगितले. गावाने मात्र त्या कामाची दुसरी सोय कधी केली नाही. आपण सोडलं तेव्हाही नाही, गिधाडानं सोडलं तेव्हाही नाही.

दुसरी गोष्ट वाळूची. ही गोष्ट गिरणी कामगारांची आहे, म्हणून मला जास्त जवळची.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाख कामगार. संप लांबला तसे हजारो कामगार आपापल्या गावी परतले. त्यातले काही शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात गेले. तिथे दुष्काळ. विहिरी आटलेल्या, लोक रोजगार हमीवर खडी फोडत होते. आता संपातून तापून आलेली माणसं ती, गप्प कशी बसतील? डॉ. भारत पाटणकर आणि इतर कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली आणि प्रश्न विचारायला लागले. पाऊस तर पूर्वीसारखाच थोडा पडतो, मग येरळा नदी आताच कोरडी का?

उत्तर नदीत होतं. ठेकेदार वाळू काढून ट्रक भरून शहरात नेत होते. आता वाळू म्हणजे काय नुसती? आपण घरात रांजण ठेवतो, तशी वाळू हा नदीचा रांजण. पावसाचे पाणी वाळूच्या दाण्या-दाण्यांतल्या फटीत भरून राहते, वर ऊन पडलं तरी आतलं पाणी लवकर उडत नाही, आणि ते हळूहळू दोन्ही काठांच्या विहिरींना मिळत राहते. वाळू काढली की पूर येतो आणि दोन दिवसांत निघून जातो, मागे खडक. भीमेला आणि सीनेला हेच झालेलं आपण बघतो. झिरा खणला की हातभर खोलीवर पाणी लागायचं, ते आमच्या आयांना आठवतं. आता तिथे कातळ आहे नाहीतर ट्रॅक्टरची चाकोरी आहे.

त्या लोकांनी ठेकेदाराचे ट्रक अडवले. आणि नुसते अडवून थांबले नाहीत. त्यांनी ठरवलं की गावाला पेलेल एवढीच थोडी वाळू आपण स्वतः विकायची आणि त्या पैशात धरण बांधायचं. के. आर. दाते नावाच्या इंजिनियरने त्यांना आराखड्यात मदत केली. सरकारी परवानग्यांसाठी मोर्चे काढावे लागले ते वेगळेच. तांदुळवाडी आणि बलवडी या दोन गावांनी श्रमदान करून येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभं केलं. नव्वदच्या सुमारास ते पूर्ण झालं. त्यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाण्याचा नियम. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा.

असाच नियम त्याच्या आधी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने केला होता. १९७२ च्या दुष्काळानंतरची गोष्ट. पाणी जमिनीवर नाही, माणसावर मोजायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. आता हा शेवटचा नियम आपल्या जिल्ह्यात बोलून दाखवा बरं! आपल्याकडे पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. उसाला लागते दोन हजाराच्या वर. आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात. उसतोड करणारे, कारखान्यात पाळी करणारे आपल्यातलेच आहेत, त्यांच्या पोटावर पाय यावा असं मी म्हणत नाही. पण हाच जिल्हा ज्वारीचा होता. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ पाऊस संपल्यावर पेरायची, काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती येते. माणसाला भाकर, जनावराला कडबा. काळी माती तिथे पाटकऱ्याचं काम करत होती, फुकट.

उजनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर रोज पेपरात येतं. भीमेवरच्या उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी. तरी २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे तळातलं राखीव पाणीही उपसावं लागलं. शहरासाठी नदीतून पाणी सोडायचं, ते पंढरपूर ओलांडून औजच्या बंधाऱ्यापर्यंत यायचं, वाटेत ऊन पिणार, कोरडं पात्र पिणार, मोटारी पिणार. आपल्याजवळच फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, त्यालाही उजनीचंच पाणी. आणि पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, सीनेला असा महापूर आला की गावंच्या गावं शाळांत नेऊन ठेवावी लागली. एका वर्षी थेंब नाही, दुसऱ्या वर्षी घरात पाणी.

यावर बाबासाहेबांचा विचार आपल्या लोकांना फारसा माहीत नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर आणि हिराकूडचा पाया त्या काळातला. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला ओरिसाच्या पुरांवर परिषद झाली, तिथे त्यांनी सांगितले की जास्तीचे पाणी हे संकट समजू नका, माणसाला पाणी जास्त झाल्यापेक्षा कमी पडल्याने अधिक सोसावे लागते, म्हणून पाणी साठवायला शिका. त्यांनी मोठ्या धरणांचा मार्ग सांगितला, त्या काळात तो योग्यच होता. आज त्याच्या जोडीला लहान साठे, विहिरी, माती, वाळू, गवत यांनाही धरण मानावे लागेल असे माझे नम्र मत आहे. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

आणि पाण्याचे भांडण म्हटले की रोहिणी नदी आठवल्याशिवाय राहत नाही. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीवर शेती करायचे. पाणी आधी कोणी घ्यायचे यावर तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला. "बुद्ध आणि त्याचा धम्म" या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण हेच दिले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून गृहत्याग ही कथा त्यांनी मानली नाही. सिद्धार्थाचा पर्याय काय होता? दोघांनी आपापली दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि पाच जणांनी तंटा मिटवावा. म्हणजे आधी चौकशी. आपल्या नळकोंडाळ्यावर हंड्यांची मारामारी होते तेव्हा हे पाच जण कुठे असतात, कोण जाणे.

माळरानाबद्दल जरा वेगळं बोलायचंय. झाडे लावा, झाडे जगवा, हे आपण भिंतीवर रंगवतो. चांगलेच आहे. पण आपल्या भागात माळ म्हणजे पडीक, ओसाड, बिनकामाचा, असा जो समज आहे तो चुकीचा आहे. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते मुळांनी माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात, शेळ्या-मेंढ्या जगवतात. नान्नजचा माळढोक असल्याच उघड्या माळाचा पक्षी. माळावर दाट झाडी लावली की तो तिथे राहत नाही. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य केले, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे, कागदावर. गावे, शेते, रस्ते सगळे त्यात. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले. पण पक्षी तोवर संपत आला. आता नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. लोकांना न विचारता कागदावर कुंपण घातले तर ना माणसाचे भले होते ना पाखराचे.

आणि कुंपण म्हटलं की मला भीती वाटते ती गायरानाची. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, आपली माणसं बायकापोरांसह तुरुंगात गेली. मागणी पडीक जमिनीची होती. ज्याला गावात वाव नव्हता त्याची शेळी गायरानातच चरली, त्याचं सरपण तिथलंच. तेव्हा निसर्ग वाचवायचा म्हणून गायरानातला गरीब आधी उठवायचा आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, असे जर कोणी करील तर ते आपल्याला मान्य नाही. तसंच दुसऱ्या टोकाचं. १९९७ साली काही शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सगळ्या निसर्गाच्या कामाची किंमत काढली, वर्षाला सुमारे ३३ लाख कोटी डॉलर. साऱ्या जगाच्या त्या वेळच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. डोळे उघडायला हा आकडा ठीक आहे. पण किंमतीची चिठ्ठी लागली की गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक आपण नसतो. महाडचे चवदार तळे सार्वजनिक आहे म्हणूनच बाबासाहेब तिथे ओंजळ भरू शकले, आणि त्या हक्कासाठी पुढे १९३७ सालापर्यंत कोर्टात लढावे लागले. ते जर कुणा एकाने विकत घेतलेले असते तर?

आता मी मुद्द्यावर येतो. इतका वेळ गावाबाहेरचं बोललो, कारण घरातलं बोलायला जड जातं.

आपल्या वस्तीच्या मागे, आता जिथे मंडप घालतो तिथे, एक आड होता. इथले पन्नाशीच्या पुढचे सगळे त्याचं पाणी पिलेले आहेत. गावच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते, म्हणून आपल्या पणज्यांनी तो स्वतःच्या हाताने खणला. सहा परस खोल, वरचे चार परस दगडाने बांधलेला. १९७२ च्या दुष्काळात माझी आई नाल्याच्या कामावर खडी फोडायला जायची, मी दोन-अडीच वर्षांचा, झाडाला बांधलेल्या झोळीत. सुकडी खाऊन आणि मिलोची लाल भाकर खाऊन ती पिढी जगली. त्या सालीसुद्धा आड पुरता आटला नव्हता. आई सांगायची, रात्री दोघींनी आत उतरायचं आणि वाटीनं पाणी घागरीत भरायचं. एक घागर भरायला अर्धा तास.

पुढे नळ आला. आडात कचरा पडायला लागला, डास झाले. १९९४ साली जयंतीच्या आधी बैठक झाली आणि तरुण मंडळाकडून ठराव आला की आड बुजवून तिथे स्टेजसाठी जागा करावी. एकमताने मंजूर झाला. तो ठराव मी मांडला होता. पहिली पाटी मुरूम मीच टाकली. त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुला तहान लागली नाय अजून."

२००३ ला टँकर आला. २०१३ ला आला. २०१६ ला तर लातूरला रेल्वेने पाणी नेले, त्या उन्हाळ्यात आपल्याकडेही टँकरच्या पाइपावर बायका पडत होत्या. २०१९ ला परत. दर वेळी टँकर त्या मंडपाच्या जागेवरच उभा राहायचा, बुजवलेल्या आडावर. आई २०१६ साली गेली. तिला मी कधी कबूल केलं नाही, ते आज या विहारात सर्वांसमोर करतो.

समितीपुढे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, तो आड पुन्हा उपसायचा. आपल्या विहाराचा स्लॅब साधारण हजार चौरस फूट आहे. त्यावर वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर सेहेचाळीस हजार लिटर पाणी पडते. गळती, उन्हाने उडालेले वजा करा, तरी पस्तीस-चाळीस हजार उरते. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन-चार टँकर. ते आज गटारात जाते. एक पाइप आणि वाळू-खडीची गाळणी करून ते आडाकडे नेता येईल. लगेच प्यायला मिळेल असे मी म्हणत नाही. जमिनीत मुरेल, बोअरला आधार होईल.

दुसरी मागणी कडू आहे. विहाराच्या अंगणात सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचा निधी आला आहे. मला माहीत आहे की तो मिळवायला काही बांधवांनी फार हेलपाटे घातले. चिखल होतो, वृद्ध उपासिका घसरतात, हेही खरे. पण बोधिवृक्षाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट केले तर त्याच्या मुळाला पाणी कुठून मिळणार? वर्षावासाचा नियम कशासाठी झाला ते भन्तेजींनी गेल्या पौर्णिमेला सांगितले. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळे गवत तुडवले जाते, बारीक जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि तथागतांनी ती मान्य करून भिक्खूंना एका जागी राहायला सांगितले. लोकांची तक्रार गवतासाठी होती आणि संघाने ती ऐकली. तेव्हा मी एवढेच म्हणतो की फाटकापासून दारापर्यंत चार फूट रुंद वाट करा, चप्पल काढायच्या जागी ब्लॉक घाला, बाकी माती राहू द्या. निधी परत जाईल म्हणता, तर उरलेल्या ब्लॉकमधून गाळणीचा खड्डा बांधा, इंजिनियर साहेबांना आपण सगळे मिळून विचारू. नाही म्हणाले तर बघू.

आडाचं काम रविवारी सकाळी सात वाजता सुरू करू. माझी रात्रपाळी सुटते सहाला, मी तसाच येतो. टिकाव दोन आहेत, पाट्या आणि दोर लागेल. आडात उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरायचे नाही, आणि आधी हवा तपासायला कंदील सोडायचा. एवढं बोलून थांबतो. जयभीम.

(ता. क. — स्मरणिका छापायला जाईपर्यंतची हकीकत. पहिल्या रविवारी अकरा जण आले, त्यात पाच बायका. दुसऱ्या रविवारी एकोणीस. मुरमाखाली पत्रावळी, फुटके हंडे, १९९४ च्या जयंतीच्या पताकांचा प्लास्टिकचा गठ्ठा जसाच्या तसा निघाला. आड सध्या चौदा फूट मोकळा झाला आहे, जुना दगडी बांध शाबूत आहे. पाणी अजून लागलेले नाही. ब्लॉकचा निर्णय समितीने पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.)